उरलेल्या चार गोळ्या

मागच्या महिन्यात आमच्या दुकानात प्रशिक्षणाला आलेल्या मुलीने माझ्यापुढे मोबाईल धरला. "मॅडम, पाच मिनिटं द्या. फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा स्वभाव आणि पेशंटची सेवा, असा आमचा प्रोजेक्ट आहे. जुन्या फार्मासिस्ट लोकांकडूनपण भरून घ्यायचाय." 'जुन्या' हा शब्द तिने इतक्या सहज वापरला की मी चष्मा पुसायला घेतला. पहिलाच प्रश्न होता, अनोळखी माणसांशी बोलताना तुम्हाला संकोच वाटतो का? खाली पाच गोल, 'अजिबात नाही'पासून 'फार'पर्यंत. मला हसू आलं. हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी विशीच्या आत असताना एका सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर सोडवला होता आणि 'अजिबात नाही'वर अशी जोरात खूण केली होती की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं होतं. मुलीला म्हटलं, माझ्या मोबाईलवर पाठव, उद्या भरते. तो फॉर्म अजून भरलेला नाही. त्याऐवजी हे लिहायला बसले आहे.

आम्ही तेव्हा महाडला दोन खोल्यांत राहायचो. मूळ गाव तुडील, सावित्रीच्या काठचं. माझे वडील, अप्पा, तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले तेव्हा आम्ही महाडला आलो. घरात माणसं तीनच, पण आवाज दहा जणांचा, असं शेजारी म्हणायचे, आणि त्यातले नऊ माझे असायचे. पहाटे आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने जाग यायची. तांदळाची भाकरी, मोठी, पातळ, आणि बरोबर कांदा घालून परतलेला जवळा. सुकट भाजायला घेतली की घरमालकीणबाई त्यांची खिडकी लावून घ्यायच्या, आणि आई मग मुद्दाम थोडा जास्त वेळ भाजायची. अप्पा ओट्याजवळ पाटावर बसून चहा पीत, आणि मी त्यांच्यासमोर बसून कॉलेजात आदल्या दिवशी काय झालं ते सांगत असे. ते 'हं' म्हणत. दिवसाला अप्पांचे साधारण चाळीस शब्द खर्च होत, त्यातले तीस 'हं' असत. रविवारी आई गुडघे शेकायला सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची. मी सोबतीला. आईचे पाय पाण्यात जाऊन बाहेर येईपर्यंत तिथल्या सगळ्या बायकांची दुखणी, सुना आणि जावई मला पाठ झालेले असत. "तोंडाला जरा कुलूप लाव गो," आई परतीच्या वाटेवर म्हणायची, "पाण्यापरीस तुझीच वाफ जास्त होती."

ह्या बोलण्याला एक कारण होतं. ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं, आता कळतं. आमच्या भागात नव्या माणसाला पहिला प्रश्न येतो, "कुठली गो तू?" त्याचं उत्तर सोपं होतं, तुडीलची. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न यायचा, "तुडीलला कुठं?" म्हणजे गावात की वाडीत. आम्ही बौद्ध, वाडीतले. उत्तर दिलं की समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी किंचित हलायचं, काही जणांचं नाही हलायचं, पण मला ते बघत थांबायचंच नसायचं. शाळेत असतानाच मी एक युक्ती शोधली होती. पहिला प्रश्न आला की उत्तराला जोडूनच बोलायला लागायचं. तुडीलची, पण आता महाडला असतो, आणि तुमच्या साडीचा रंग काय सुंदर आहे, आणि एसटी आज किती उशिरा आली. दुसऱ्या प्रश्नाला शिरायला फटच ठेवायची नाही. सराव होत होत मी गोड बोलण्यात इतकी तयार झाले की मुळात हे कशासाठी सुरू केलं तेच विसरले.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला पुण्याहून नव्या आलेल्या एक मॅडम होत्या. उत्साही बाई. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की कोणता विद्यार्थी औषधाच्या खिडकीवर शोभेल, कोणता मागे भांडारात आणि कोणता कारखान्यात, हे त्याच्या स्वभावावरून आधीच ओळखता येतं. त्यांनी साठ प्रश्नांचा एक कागद काढला. आठवड्याने निकाल आले. माझ्या चिठ्ठीवर शिक्का मारून लिहिलं होतं, 'रुग्णसंपर्कास अतिशय योग्य'. वर्गात सर्वांत जास्त गुण मला होते. सर्वांत कमी होते इंदूला.

इंदू पोलादपूरच्या पलीकडच्या डोंगरातली, घरची शेती. कॉलेजसाठी पोलादपुरात मामाकडे राहायची. वर्षभर ती माझ्या शेजारच्या बाकावर होती आणि तिचा आवाज मला हजेरीच्या वेळेपुरता माहीत होता. तिला काही विचारलं तर ती आधी ऐकून घेई, मग थांबे. ते थांबणं इतकं लांबायचं की विचारणारा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होई. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रुग्णसंपर्कास अयोग्य. साठवणूक व मोजणीची कामे द्यावीत'. तिने ती चिठ्ठी वाचली, दोनदा दुमडली आणि वहीत ठेवली. मी तिची समजूत घालायला गेले आणि बराच वेळ घातली. ती म्हणाली, "बरं."

तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला आम्हा दोघींना पोलादपुरातल्या एका खाजगी दवाखान्यात पाठवलं. दहा खाटांचा दवाखाना, एकच डॉक्टर. ते आता नाहीत, त्यांचं नाव लिहीत नाही, चांगले होते. मॅडमची चिठ्ठी वाचून त्यांनी मला औषधांच्या खिडकीवर उभं केलं आणि इंदूला मागच्या खोलीत बसवलं. तिथे ती गोळ्या मोजायची, पावडरीच्या पुड्या बांधायची आणि पातळ औषधाच्या बाटल्यांना डोसाच्या खुणांचे कागद चिकटवायची. मी रोज सकाळच्या एसटीने महाडहून जायचे, डब्यात भाकरी आणि जवळा. खिडकीवर मी म्हणजे राणी होते. डोंगरातून आलेल्या बायका माझं बोलणं ऐकायला औषध घेऊनही रेंगाळायच्या. डॉक्टर एकदा आतून म्हणाले, "अर्धं दुखणं तर ही पोरगीच बरं करते." ते वाक्य मी त्या रात्री आईला तीन वेळा सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात सविता आली. उमरठच्या बाजूची, वीस-एकवीस वर्षांची, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा, आणि पुढे चालणारी सासू. सासूबाई उंच, काटक, कमरेला पानाची चंची खोचलेली. सविताला फिट यायची. बाळंतपणानंतर वाढली होती. एकदा चुलीसमोर आली होती आणि मनगटावर भाजल्याचा डाग होता. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज रात्री एक, चुकवायची नाही. तीस गोळ्या मी काचेच्या छोट्या बाटलीत भरल्या. सासूबाई मला न्याहाळत होत्या.

"कुठली गो तू?"

"तुडीलची," मी म्हटलं, आणि लगेच सुरू झाले. गोळी रोज द्यायची आजी, एक दिवसही खाडा नको. घरात रांगतं पोर होईल आता, बाटली त्याच्या हाताला लागता कामा नये, उंच जागी ठेवायची. शेवटी माझं ठेवणीतलं वाक्य आलं. ते मीच तयार केलं होतं आणि सगळ्यांना म्हणायचे. "औषध म्हणजे देव समजा, आजी. देवासारखं जपा." बाईंनी मान डोलावली. मी बाटली त्यांच्यापुढे धरली, तर त्या म्हणाल्या, "ठेव तिथं." मी ती खिडकीच्या फळीवर ठेवली, मग त्यांनी उचलली. हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तेही मला चांगलं जमायचं.

महिन्याने त्या दोघी परत आल्या. फिट आली होती, मोठी. बाटलीत चार गोळ्या उरल्या होत्या. मला तर कौतुकच वाटलं, किती काटकसरीने वापरतात म्हणून. बाटली भरायला मागच्या खोलीत गेले तेव्हा इंदूने ती हातात घेऊन उजेडात धरली. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवून दिली. मी पुन्हा सगळं समजावलं, आधीपेक्षा छान.

तिसऱ्या महिन्याला सविता आली तेव्हा ती चालताना डुलत होती. औषधाची गुंगी. पोराला पाजताना तिचा डोळा लागत होता. आणि एवढं करून फिट आलीच होती. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही शेवटची खेप. औषधाचा गुण नाय. आता तिच्या बापाला सांगावा धाडलाय, येऊन घेऊन जाईल. पोर आमचा हाय, तो इथं राहील. वरचं दूध घालू त्याला." सविता भिंतीकडे बघत होती. तिने पोराला कडेवर जरा वर उचलून घेतलं, एवढंच. डॉक्टर म्हणाले, जेवून येतो, मग बघू. सासूबाई मीठ-मिरची घ्यायला बाजारात गेल्या. एसटीला वेळ होता.

दवाखान्याच्या मागे एक पायरी होती, तिथे उजेड चांगला म्हणून इंदू पुड्या बांधायला बसायची. सविता पोराला घेऊन तिथेच जाऊन टेकली. मी आतल्या बाजूला दाराआड स्टुलावर डबा उघडून बसले होते, त्या दोघी मला दिसत होत्या. इंदूने सविताची बाटली दोघींच्या मध्ये पायरीवर ठेवली. आत चार गोळ्या. इंदू म्हणाली, "दर बारी चारच उरतात." आणि पुडी बांधायला लागली.

पुढे काहीच नाही. मला राहवेना. मला शंभर गोष्टी सुचत होत्या, अगं तिला विचार, अगं तिला समजाव, घाबरू नको म्हण. पण माझ्या तोंडात भाकरीचा मोठा घास होता आणि जवळ्यात त्या दिवशी मिरची जास्त पडली होती. नुसती बघत राहिले. इंदू पुड्या बांधत होती. कागद, पावडर, घडी, घडी, टोक आत. मी मोजल्या. अकरा पुड्या झाल्या. बाराव्याला सविता म्हणाली, "त्या चार दिसांत मी पडवीत असते."

इंदू म्हणाली, "हं."

"बाटली देवाकडं. मला हात लावता येत नाय. सासूबाय पन देवाजवळचं काय मला त्या दिसांत देत नायत."

आणखी एक पुडी. मग इंदूने विचारलं, "आणि फिट?"

"पाचव्या-सहाव्या दिशी. न्हाऊन घरात आले का."

मी घास गिळला. आजही मी म्हणते, त्या बाईचा संसार वाचला तो माझ्या तोंडात भाकरी होती म्हणून. नाहीतर पहिल्या पुडीलाच मी बोलले असते, आणि ती 'हो बाय' म्हणून गप्प झाली असती, आधी दोनदा झाली तशी. मी उठून दारात आले. "पण बाटली देव्हाऱ्यात ठेवली कुणी?"

सविताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमीच सांगितलंत ना बाय, देवासारखी जपा म्हणून. उंच ठेवा म्हणून. सासूबाय त्या दिशी घरी गेल्या त्या न्हायल्या, मग बाटली टाकांच्या शेजारी ठेवली. रोज हळद-कुंकू वाहतात तिला."

मला ते डोळ्यांपुढे दिसलं. घरातल्या देवांच्या चांदीच्या टाकांशेजारी माझी ती बाटली, तिच्यावर हळदीची बोटं, आणि पडवीत घोंगडीवर सविता, चार रात्री औषधावाचून. फिटची गोळी अशी एकदम बंद केली की फिट उसळून येते हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. आमच्या घरी देव्हारा नाही. बाजूला बसणं आईने कधी पाळलं नाही. लांब बसवलं जाणं म्हणजे काय ते आमच्या घराला पिढ्यांपासून वेगळ्या बाजूने ठाऊक होतं, म्हणूनही असेल. मी देवाचं नाव घेतलं ते ऐकायला छान वाटतं म्हणून. ज्यांच्यासमोर घेतलं त्यांच्या घरी त्याचं काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

शरमेच्या पाठोपाठ रागही आला. म्हटलं, येऊ दे त्या म्हातारीला, चांगली सुनावते, कुठल्या काळात राहता म्हणून. इंदूने पुड्यांची परडी बाजूला ठेवली.

"नको बोलू."

"का नको?"

"तुझं सगळं ऐकून घेईल. घरी जाऊन गोळी बंद करेल."

"तुला काय माहीत?"

"आमच्याकडंपण तसंच हाय. मीपण बसते." एवढं सलग ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मग म्हणाली, "तू आत थांब थोडी."

मी आत थांबले. आयुष्यात इतकं कठीण काम मी फार कमी वेळा केलं आहे. सासूबाई आल्या, पिशवी ठेवली, पान जुळवायला बसल्या. इंदू त्यांच्याजवळ बसली. पान लावून झालं, तोंडात गेलं, तोवर ती काही बोलली नाही. मग विचारलं, "आजी, ही पडवीत असते तेव्हा तिला भाकरी कोण देतं?"

"मीच देते. वरून."

"मग त्या भाकरीबरोबर गोळीपण द्याल?"

"देवाजवळची कशी देऊ गो?"

"देवाजवळ न्यायचीच नाय. सव्वीस तिथं ठेवा. चार दुसऱ्या बाटलीत, त्या घरातपण न्यायच्या नायत."

म्हातारी चघळत राहिली. इंदूही गप्प. मला आतून दोघींना हलवावंसं वाटत होतं. "पडवीत ठेवली तर पोर खाईल," शेवटी म्हातारी म्हणाली.

"होय. ते खरं."

आणखी थोडं चघळणं झालं. "चंचीत ठेवीन माझ्या," म्हातारी म्हणाली. "चंचीला पोर हात लावीत नाय. चुना लागतो." असं ते तिचं तिनेच ठरवलं. डॉक्टर जेवून आल्यावर इंदूने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी गोळीची ताकद पूर्वीइतकी कमी केली आणि सासूबाईंना म्हणाले, एक महिना थांबा, तिच्या बापाला तेवढं कळवा. म्हातारी म्हणाली, एकच महिना.

त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि गप्प बसले. आईने ताट वाढलं, कुळथाची पिठी आणि भात, मी मुकाट जेवले. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता म्हटल्यावर ती जास्तच घाबरली. शेवटी मी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडले. आई म्हणाली, "तू सांगितलंस तसंच केलं की गो त्या बाईनं. एवढं कोण ऐकतं आपलं?" ती हे समजावायला म्हणाली होती, पण मला ते जास्तच लागलं. मग मी अप्पांना त्या 'ठेव तिथं'चंही सांगितलं, आणि पहिल्या प्रश्नाचंही, दुसऱ्या प्रश्नाचंही, आणि मी मध्ये फट कशी ठेवत नाही तेही. अप्पांनी भाताचा शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले. "मी कचेरीत पहिल्या दिवशीच सांगून टाकलं," ते म्हणाले. "वाडीतला म्हणून. ज्याला जे वाटायचं ते एकदाच वाटलं. तेव्हापासून गप्प बसायला मोकळा आहे." हे त्यांचं माझ्या आठवणीतलं सगळ्यात लांब भाषण. मॅडमच्या त्या साठ प्रश्नांत, तुम्ही एवढं का बोलता, असा एकही प्रश्न नव्हता. मोबाईलवरच्या नव्या फॉर्ममध्येही तो नाही, मी शेवटपर्यंत सरकवून पाहिलं.

तो महिना मी खिडकीवर कशी उभी होते मला विचारू नका. 'देव समजा' हे वाक्य बंद झालं. त्याऐवजी मी एक प्रश्न विचारायला लागले, घरी औषध कुठे ठेवता? आणि मग ओठ दाताखाली धरून थांबायचं. काय काय ऐकायला मिळालं. कुणी पिठाच्या डब्यात ठेवत होतं, कुणी शेजारणीला निम्मं देत होतं कारण तिलाही खोकला होता आणि घरात आलेलं एकट्याने खायचं नाही. हे सगळं इतके दिवस माझ्यासमोरून जात होतं आणि मी साड्यांचे रंग बघत होते.

प्रशिक्षणाचा शेवटचा आठवडा आला. खिडकीतून मला सासूबाई येताना दिसल्या. एकट्या. सविता नव्हती, पोरही नव्हतं. मला वाटलं, नेलं तिला बापाने. त्या खिडकीशी आल्या आणि फळीवर बाटली ठेवली. मग चंची सोडून तिच्यातून दुसरी, छोटी, चुन्याने पांढरी झालेली बाटली काढून शेजारी ठेवली. दोन्ही रिकाम्या होत्या.

"सविता?" मला एवढंच विचारता आलं.

"घरी हाय. नाचणी दळते. मीच म्हटलं, मी जाऊन आणते, तू कशाला हिंडतेस पोराला घेऊन." मग म्हणाल्या, "फिट नाय आली या बारीला."

मी इंदूला हाक मारली. ती मागून आली, रिकाम्या बाटल्या पाहिल्या, म्हातारीकडे बघून हसली आणि परत आत गेली. सांगून ठेवते, ती पुढे मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं पेशंटच्याच खिडकीवर होती. आता निवृत्त आहे. आठवड्यातून एकदा आमचा फोन होतो. मी बोलते, आणि मध्येच विचारावं लागतं, आहेस ना गं?

मी बाटल्या पुसून गोळ्या मोजायला घेतल्या. सव्वीस मोठीत, चार छोटीत. म्हातारी बघत होती.

"कुठली म्हणालीस गो तू?"

"तुडीलची."

"तुडीलला कुठं?"

माझ्या जिभेवर नेहमीचं सगळं आलं होतं, एसटी, साडी, ऊन. मी म्हटलं, "बौद्धवाडीतली." आणि पुढे काही बोलले नाही. गोळ्या मोजत राहिले. सतरा, अठरा, एकोणीस. कान तापले होते, पण मोजणं चुकलं नाही. सव्वीस झाल्या, बूच लावलं. छोटीत चार टाकल्या.

मग तीच बोलली, पण भलतंच. "वरून टाकली का गोळी पडते गो खाली. एवढीशी ती. पहिल्या राती पडवीत हरवली, कंदील घेऊन शोधली दोघींनी. दुसऱ्या राती पन तेच. मग म्हटलं, जाऊ दे, हातात देते. हातात दिली आणि न्हायले. तिसऱ्या राती पन दिली आणि न्हायले." तिने पदराने तोंड पुसलं. "चवथ्या राती नाय न्हायले. रोज रोज कोण न्हातंय या वयात."

मी दोन्ही बाटल्या नेहमीप्रमाणे फळीवर ठेवायला पुढे केल्या. पण म्हातारीने खिडकीतून हात आत घातला होता, उघडा, चुना आणि सुपारीने रंगलेला. ती बाटल्यांची वाट बघत होती. मी त्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने मूठ मिटली, त्यात माझी बोटंही जरा वेळ मिटली गेली. त्या दिवशी मी तिला एकही सूचना दिली नाही.